कॉम्प्युटरचा माठ

१९९८ च्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोन माठ होते. एक माणसांसाठी आणि दुसरा कॉम्प्युटरसाठी.

यात हसण्यासारखं काही नाही. निदान तेव्हा मला तरी वाटत नव्हतं. माझा टायपिंगचा क्लास नगरमध्ये पंधरा वर्षं चालला आणि मग वर्षभरात बसला. पोरांना टाइपरायटर नको, कॉम्प्युटर हवा. मग मीही कॉम्प्युटर घेतला, मराठी अक्षरजुळणी शिकले आणि पहिलं मोठं काम मिळवलं: आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याची परिचय पुस्तिका. दोनशे बारा स्थळं! मेळावा रविवारी, पानं छापखान्यात शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत. मेळाव्याचे प्रमुख साळवे सर, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी मला बजावलं होतं, "ताई, कमिटीतले निम्मे लोक म्हणत होते, हे काम पुण्याला द्या. मी तुमच्यासाठी शब्द टाकलाय." म्हणजे काम बिघडलं तर माझा क्लास बसलाच होता, आता मीही बसणार होते.

आता कॉम्प्युटरबद्दल. पुण्याहून आलेला त्याचा डबा कपाट आणि पलंग यांच्या मधल्या फटीत मावेना. कपाट हलवावं, एवढं साधं होतं. पण माझे यजमान भास्करराव नागापूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर. त्यांना कपाट हलवण्यात गोडी नाही. त्यांनी पत्र्याची एक आटोपशीर पेटी केली, शिलाई मशीनच्या झाकणाएवढी, आणि कॉम्प्युटरची सगळी आतडी त्यात कोंबली. सगळं मावलं. फक्त पंखा बाहेर उरला.

"अहो, हा पंखा?"

"तो जादा दिलाय त्यांनी."

(कोणता दुकानदार काही जादा देतो? माझा संशय तिथूनच सुरू झाला.)

एप्रिलमध्ये पेटी तापायला लागली. दहा स्थळं टाइप केली की पडदा थिजायचा. पेटीवर पापड ठेवला तर भाजून निघावा! भास्कररावांनी पेटीला कान लावला, वास घेतला आणि निदान केलं, "कूलंट पाहिजे. आमच्या लेथला असतं तसं. पाण्यानं थंड करायचं."

"विजेच्या वस्तूत पाणी घालणार तुम्ही?"

"आत नाही गं, बाजूनं. तांब्याची चकती बसवतो, तिच्या पोटातून पाणी फिरवतो. मोटारीचं इंजिन नाही का चालत?"

"मोटारीत माझी दोनशे बारा स्थळं नसतात."

पण चकती त्यांनी केली आणि खरं सांगायचं तर सुरेख केली. प्रश्न उरला, चकतीतून तापून आलेलं पाणी गार कशानं करायचं? मग आमची निवड समिती बसली. पहिला उमेदवार, जुन्या मोटारीच्या हीटरचा रेडिएटर. भंगारवाला म्हणाला, "वापरलेला नाही साहेब, नुसता काढलेला आहे." त्यातून पहिल्या दिवशी गंजाचं पाणी आलं, दुसऱ्या दिवशी एक मेलेलं झुरळ आलं आणि तिसऱ्या दिवशी काहीच येईना. दुसरा उमेदवार, कुणाच्या तरी फ्रिजच्या पाठीची जाळी. ती कॉम्प्युटरपेक्षा मोठी होती. तिच्यावर सासूबाईंनी दोन दिवस टॉवेल वाळवले आणि मगच ती गेली. पंपातही हाच घोळ. खोलीच्या कूलरचा पंप लावला तर पाण्याची धार थेट भिंतीवरच्या कॅलेंडरवर! शेवटी माशांच्या पेटीतला छोटा पंप ठरला. तो बिचारा काही बोलत नसे, नुसता गुणगुणत असे.

पण पाणी गार करायचं काय? चार दिवस रोज तेच ऐकून मी वैतागले. "एवढं गार पाणी पाहिजे तर माठ ठेवा की त्याला एक!"

मी टोमणा मारला होता. भास्करराव उभे राहिले. "अगं... झिरपतो, वारा लागतो, आपोआप गार होतो. वीज नको, पंखा नको. शालन, तू इंजिनिअर व्हायला पाहिजे होतीस!"

नवऱ्यानं वीस वर्षांत केलेली ही पहिली स्तुती. तिलाही मी संशयानंच घेतलं.

माठ आणायला सासूबाई बरोबर आल्या. त्या नेवाशाकडच्या, माठ वाजवल्याशिवाय घेणार नाहीत. सात माठ त्यांनी बोटानं टकटक वाजवले. कुंभारानं विचारलं, "मावशी, घरात माणसं किती?"

"तीन. पन ह्यो माणसांला न्हाई. कॉम्पुटरला हाय."

कुंभारानं आमच्या तिघांकडे बघून घेतलं. "त्यो किती पितो?"

"आठ-दहा लिटर," भास्करराव गंभीरपणे म्हणाले, "पण तेच तेच पितो."

"मंग तोटीचा घ्या. त्याला वाकाया नको."

रिकामा करायला सोपा म्हणून भास्कररावांनाही तोटी पटली. नगरच्या पाण्याचे क्षार बारीक नळ्यांत बसतात, म्हणून त्यांनी बॅटरीच्या दुकानातून शुद्ध पाण्याचे कॅन आणले. माठ बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरशेजारी तिवईवर बसला. झाकणातून दोन नळ्या आत. आणि चमत्कार झाला! पेटी गार. सोमवारी मी सलग चाळीस स्थळं टाइप केली. सासूबाईंनी माठाच्या गळ्यात ओलं फडकं बांधलं आणि म्हणाल्या, "गुणाचा हाय गं."

मंगळवारी सकाळी झाकण उचललं तर पाणी चार बोटं खाली.

माठ झिरपतो, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या माठाशी तुलना केली. तोही चार बोटं खाली. पण त्यातलं पाणी आम्ही पितो! याचा अर्थ सरळ होता: कॉम्प्युटरचंही पाणी कुणीतरी पीत होतं.

पहिला संशय नवऱ्यावर. पिण्याचा नव्हे, नळी गळत असताना लपवण्याचा. मी पेटीखाली वर्तमानपत्र अंथरलं. ते संध्याकाळी कोरडं निघालं. भास्करराव दुखावले. "माझ्या जोडणीवर संशय? साहेब लोक घेत नाहीत!"

"साहेब लोकांनी तुमच्याशी संसार केलेला नाही."

दुसरा संशय सासूबाईंवर. आडून विचारलं, "आत्या, उकाड्यात तहान फार लागते नाही? बाहेरच्या माठातलं गार लागत असेल."

त्यांनी पदर खोचला. "मी बॅटरीचं पानी पिऊ? मला काय चालू व्हायचं हाय?"

राहिले साळवे सर. ते रोज मुद्रितं तपासायला येत, तासभर बोलत आणि त्यांच्या मिशा मला ओल्या वाटत. पण मुख्याध्यापकाला "तुम्ही माझ्या कॉम्प्युटरचं पाणी पिता का?" असं कसं विचारणार? बुधवारी पाणी पाच बोटं खाली गेलं. पंप खरखरायला लागला. भास्कररावांनी शेवटचा कॅन ओतला आणि म्हणाले, "दुकानातलं संपलंय. नवं पाणी सोमवारी येईल."

सोमवारी! मेळावा रविवारी!

आता सापळा लावणं भाग होतं. गुरुवारी सकाळी मी तोटीला हळद चोळली. ज्याची बोटं पिवळी तो चोर. दुपारी तपासणी केली. सासूबाईंची बोटं पिवळी (त्या मिरच्यांचं लोणचं घालत होत्या). भास्कररावांची पिवळी (त्यांनी तोटी गळते का ते बघितलं होतं). साळवे सर आले ते तर दहाही बोटं पिवळी घेऊन.

"सर, हे हात?"

"पुतण्याची हळद होती सकाळी. का हो?"

लग्नसराईत हळदीचा सापळा लावणारी बाई जगात मी एकटीच असेन. आणि माझी स्वतःची बोटंही पिवळीच होती, कारण सापळा मीच लावला होता.

शुक्रवार उजाडला. पुस्तिका होत आली होती, पण घरात जत्रा. छापायला जाणार म्हटल्यावर जो तो दुरुस्ती घेऊन आला. कोपरगावहून एक मावशी मुलाचा नवा फोटो घेऊन आल्या. एका वडिलांना 'सावळा'चं 'गहूवर्ण' करून हवं होतं. एक मामा भाचीची उंची इंचानं वाढवायला आले होते. मी सकाळपासून मान खाली घालून एकेक दुरुस्ती करत होते. चार वाजले. शेवटची तीन पानं उरली. साळवे सर घड्याळाकडे बघत उभे.

आणि माठातून आवाज आला. खर्रर्र. मग खुर्र. मग काहीच नाही. पडदा थिजला.

झाकण उचललं. माठ कोरडा. पंप तळाशी आडवा. सकाळी एकदा फ्लॉपीवर काम घेतलं होतं, पण त्यानंतरच्या सगळ्या दुरुस्त्या गेल्या! माझं डोकं पेटीपेक्षा तापलं. मी उठून उभी राहिले आणि भरल्या घरात ओरडले, "हे पाणी कोण पितंय?"

कोपरगावच्या मावशींच्या हातात पेला होता. अर्धा भरलेला.

"तुम्ही! तुम्ही प्यायलात?"

"व्हय," त्या घाबरून म्हणाल्या. "चव न्हाई त्याला, पन प्याले. तुमीच म्हनला ना?"

"मी? मी कधी म्हणाले?"

"मी आत आले तवा. 'जय भीम, या, बसा, पाणी घ्या.' असं हात करून दाखवलं की माठाकडं."

"मलाही म्हणालात," गहूवर्णवाले म्हणाले.

"मलाही. दोनदा," मामा म्हणाले.

साळवे सरांनी घसा साफ केला. "मला तर रोज म्हणता, ताई. नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून मी... चव जरा रिकामीच लागायची, पण म्हटलं, यांच्याकडे फिल्टर असेल."

मी सासूबाईंकडे बघितलं. निदान घरच्या माणसानं तरी बाजू घ्यावी.

"म्हनतीस की," त्या म्हणाल्या. "टकाटका टाइप करत असतीस, दारात कोनी आलं की मान वर न करता म्हनतीस. काल मी भाजी घिऊन आले तर मलाबी म्हनलीस, 'या, बसा, पाणी घ्या.' सोताच्या घरात मी पाहुनी झाले!"

चार दिवस मी चोर शोधत होते आणि चोराला पेला मीच दाखवत होते!

तोवर सासूबाईंनी स्वयंपाकघरातला माठ उचलून आणला होता आणि सरळ ओतायला लागल्या होत्या.

"आत्या, ते नळाचं पाणी! क्षार बसतील नळ्यांत!"

"क्षार मागनं बसतील. आदी तू बस!"

मी बसले. पंप गुणगुणला. कॉम्प्युटर सुरू झाला. फ्लॉपीवरून सकाळची पुस्तिका उघडली आणि गेलेल्या दुरुस्त्या पुन्हा घ्यायला लागले. सगळे समोरच होते, भराभर सांगत होते. पण माणसाला दुसरी संधी मिळाली की तो सुधारतो. गहूवर्णवाले म्हणाले, "आता करताच आहात तर 'गोरा' लिहा." भाचीची उंची आणखी एक इंच वाढली. मावशींच्या मुलाला सकाळी बारावी होती, चार वाजून वीस मिनिटांनी तो पदवीच्या दुसऱ्या वर्षाला गेला.

"मावशी!"

"फारम भरलाय त्यानं!"

साळवे सरांनी शाळेतला आवाज काढला. "सकाळी जे सांगितलं तेच! नाहीतर स्थळच काढून टाकीन!" सगळे आपापल्या मूळ रंगाला आणि उंचीला परतले. पावणेसहाला शेवटचं पान निघालं. सर ते गठ्ठ्यात घालून छापखान्याकडे पळाले. वय अडुसष्ट, पण पळाले.

रविवारी पुस्तिका प्रत्येकाच्या हातात होती. पुण्याचं नाव घेणारे कमिटीवालेसुद्धा पानं उलटत मान डोलवत होते. साळवे सरांनी माझा सत्कार ठेवला होता. त्यांनी शाल दिली, गुलाबाचं फूल दिलं आणि माईक हातात घेतला.

"या ताईंचं मन किती मोठं!" ते म्हणाले. "काम अडलं, यंत्र बंद पडलं, पण दारात आलेल्या माणसाला त्यांनी तहानलेलं ठेवलं नाही. कॉम्प्युटरच्या तोंडचं पाणी काढून त्यांनी आपल्याला पाजलं!"

टाळ्या कडकडल्या. सगळ्यात जोरात भास्करराव वाजवत होते. ती माझी स्तुती होती, असं घरी सगळे म्हणतात. मला अजून संशय आहे.