सुधाकरदादा गप्प झाला तेव्हा

आमच्या कारखान्यात किस्से कातरणासारखे साठायचे. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी परत पायाशी! उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये आम्ही जीन्स शिवायचो. त्या वर्षीचे किस्से मात्र अजून झाडून निघाले नाहीत.

*

सुधाकरदादा ओव्हरलॉकच्या मशीनवर, माझ्या शेजारी. मशीनपेक्षा त्याचाच आवाज मोठा. तो एकदम गप्प झाला. आमचे सिंधी शेठ मस्करीखोर. "क्या सुधाकर, बॅटरी डाऊन?" म्हणत त्यांनी मोठा ग्लास भरून लस्सी पाजली. दादानं तोंड पुसलं, मान परत खाली.

"देखा? ठीक हो गया!" शेठ म्हणाले.

*

बटणं लावणाऱ्या शांताताई लिंबू उतरवायला आल्या. दादा म्हणाला, "ताई, आम्ही बौद्ध. आमच्यात हे चालत नाही."

"तुमच्यात नसेल, लिंबाला चालतं!"

*

दादा जेवेना. भरलेला डबा बघून वहिनी घाबरतील, म्हणून तो आम्हीच संपवायचो. एकदा दादाच्या वस्तीत, हेंद्रेपाड्यात वहिनी भेटल्या. हसून म्हणाल्या, "आता जेवतात हो! डबा चाटूनपुसून येतो."

आदल्या दिवशीची भेंडी मी खाल्ली होती. मी नुसती मान डोलावली आणि तिथून सटकलो.

*

तेव्हापासून धास्तीच बसली. दादा संडासात जरा जास्त थांबला की मी बाहेरून ओरडायचो, "दादा, बॉबिन आहे का?"

"संडासात बॉबिन कुठून आणू, येड्या?"

एकदा तो बाहेर आला आणि मी तिथंच उभा. शाळा लहानपणीच सुटलेली, मला गोड शब्द येत नाहीत. सरळच विचारलं, "दादा, जीव द्यावासा वाटतो का?"

त्यानं ओले हात विजारीला पुसले. मग म्हणाला, "वाटतं. पण विचारलंस तू पहिलाच."

*

त्याच संध्याकाळी मी त्याला त्याच्या घराजवळच्या, कुळगावच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "हा आजार आहे. डिप्रेशन. यावर औषध असतं. ठाण्याला मनाच्या डॉक्टरांना दाखवा."

ठाण्याचं नाव काढताच दादा खुर्चीवरून उठला. "मला येड्यांच्या इस्पितळात ठेवून घेतील रे!"

मग एक दिवस मशीनं बंद करून आम्ही सगळेच त्याच्यासोबत ठाण्याला गेलो. शेठसुद्धा!

दवाखान्यात कंपाउंडरनं विचारलं, "पेशंट कोण?"

बाकावरचे सगळे दादाकडे बघायला लागले. दादा बाहेरच्या दाराकडे बघत होता. आता हा पळणार, असं मला वाटलं.

"मैं," शेठ म्हणाले.

आम्ही हसलो. दादाला धीर द्यायला मस्करी करतायत, दुसरं काय! शेठ हसले नाहीत. आत गेले. दार लागलं.

बऱ्याच वेळानं बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. दादाच्या शेजारी बसून चष्मा पुसत म्हणाले, "जा, सुधाकर. डरने का नहीं. वो रखता नहीं है. सिर्फ सुनता है."

दादा उठला.