अत्तीमर

शहापूरच्या विणकर गल्लीत अंजनीला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. तिला दिली तीही त्याच गल्लीत. माहेर आणि सासर यांच्यात चार दारांचं अंतर. तिला मूल झालं नाही. भाऊ तम्मण्णाची शालन बोबड्या बोलात तिला 'आत्ती' म्हणायला लागली आणि बघता बघता ती साऱ्या गल्लीची आत्ती झाली.

गल्लीपलीकडच्या माळावर एक जुना उंबर होता. कानडीत उंबराला अत्ती आणि झाडाला मर म्हणतात, म्हणून मराठी घरांतही तो अत्तीमरच. पोरांना हे आयतंच सापडलं होतं. अंजनी दारावरून चालली की कुणीतरी ओरडायचं, "आत्ती, मर!" ती मागं न बघता म्हणायची, "मरतो रं. आधी तुझ्या बायकोचं लुगडं विनतो, मग मरतो."

तिच्या माहेरी एक रीत होती. मुलीचं हळदीचं लुगडं आत्तीनं विणायचं आणि त्याचा ताणा अत्तीमराला बांधून पाजायचा. ताणा म्हणजे लुगड्याचे उभे धागे. ते लांब पसरून कुंच्यानं तांदळाची खळ पाजावी लागते. कडक ऊन लागलं तर धागा कडकडीत होऊन तुटतो, गच्च सावलीत तो वाळत नाही. उंबराखाली ऊन चाळणीतून गाळल्यासारखं पडे, तेच नेमकं लागे. किती पिढ्यांनी दोर बांधले कोण जाणे, खोडाला कमरेइतक्या उंचीवर गोल खाच पडली होती. अंजनीच्या हळदीच्या लुगड्याचा दोर तिच्या आत्तीनं त्याच खाचेत बसवला होता. शालन पाळण्यात होती तेव्हाच अंजनीनं तम्मण्णाला शब्द दिला होता, की हिचाही तिथंच बसवीन.

मग माळावर कॉलेज आलं. शहापूर सांगली संस्थानात आणि माळ इंग्रजी खालशात, म्हणजे थेट इंग्रजांच्या मुलखात. आजवर ही हद्द फक्त जकातीच्या नाक्यावर दिसायची. आता ती दगडी भिंत होऊन उभी राहिली आणि उंबर भिंतीच्या आत गेला.

शालनचं लग्न वैशाखात ठरलं. अंजनीनं सूत आणलं, हळदीच्या रंगात बुडवलं, ताणा तयार केला आणि कॉलेजच्या फाटकावर गेली. पहारेकरी भरमा ओळखीचा होता, पण वर्दी घातल्यापासून तो ओळख जरा बेतानंच दाखवायचा.

"आक्का, ते झाड आता ऐतिहासिक झालंय. बघायचं आसल तर ऐतवारी ये. हात लावायचा न्हाय."

"हात न लावता ताना कसा बांधू रं?"

"म्हनूनच म्हनतो, येऊ नगंस."

रविवारी ती गेली तर कुणी बडा पाहुणा येणार म्हणून फाटक बंद होतं. पुढच्या खेपेला भरमानं सांगितलं, कचेरीत अर्ज द्या. अर्ज लिहून नेला तर कळलं, संस्थानातल्या माणसांचा अर्ज इथं चालत नाही. नवरा म्हणाला, "गल्लीत पाज की. धाग्याला काय कळतंय?"

"मला कळतंय न्हवं," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पदराखाली दोर घेऊन पुन्हा निघाली.

या खेपेला ती भरमाला न जुमानता थेट कचेरीत शिरली, भरमा तिच्या मागोमाग आला. हेडक्लार्क मारुतीराव साताऱ्याकडून नुकतेच बदलून आले होते. उन्हातून चालून अंजनीला धाप लागली होती, डोळ्यांत घाम उतरला होता.

"साहेब, अत्तीमरापाशी जायाचंय. एकडाव. परत न्हाय येत."

मारुतीरावांनी टाक खाली ठेवला. "आत्ती मरायला टेकली? मग आधी नाही का सांगायचं, बाई? भरमा, आत गड्यांच्या खोल्यांत असेल कुणी, यांना लगेच घेऊन जा. अडवू नकोस कुठं."

साहेब एकदम एवढा मऊ का पडला हे अंजनीला कळलं नाही. भरमाला कळलं होतं, पण तो गालात हसू दाबून पुढं चालू लागला.

उंबराभोवती पार बांधला होता. पारावर लोखंडी कठडा, कठड्यावर इंग्रजी पाटी. अंजनीनं गजांतून हात घातला आणि खोड चाचपलं. खाच नव्हती. ती सिमेंटानं लिंपून वर गेरू फासला होता. दोर बसायला बोटभरही जागा उरली नव्हती.

"काय लिवलंय त्याच्यावर?" तिनं पाटीकडं हात केला.

"कुना गोऱ्या साहेबाचा तंबू हुता म्हनं हितं. एक रात."

"आनि आमचं?"

"तुमचं काय लिवलेलं न्हाय, आक्का."

तेवढ्यात मारुतीराव स्वतःच आले. आजारी बाईसाठी दवाखान्यात माणूस धाडावा का, हे विचारायला.

"आत्ती कुठं आहे?"

"मीच की."

"मग मरतंय कोण?"

"मरतंय न्हवं, साहेब. मर. कानडीत झाडाला म्हनत्यात. अत्तीमर. ह्यो उंबर."

 मारुतीरावांचा चेहरा ताठ झाला. "मराठी बाई आहात. सरळ उंबर म्हणायचं."

"उंबर म्हनलं आसतं तर सोडलं आसतं?"

ते खोटं बोलले नाहीत. "नाही," म्हणाले आणि भरमाला हातानं खुणावलं.

फाटकाबाहेर भरमा म्हणाला, "एवढं तरी बघायला मिळालं."

"लई मिळालं," अंजनी म्हणाली. पदराखालचा दोर तिनं उघड्यावर काढून खांद्यावर टाकला. आता लपवायचं काही कारण नव्हतं.

सकाळी उंबराची थोडी सावली भिंतीवरून बाहेर रस्त्यावर पडायची. अंजनीनं तिथं मेखा ठोकल्या, ताणा पसरला आणि खळ पाजायला घेतली. सावली लवकरच भिंतीमागं सरकली. तंबाखूच्या गाड्या येत होत्या, गाडीवान शिव्या देत वळसा घालत होते. एका बैलाचं शिंग ताण्यात अडकलं. धागे तुटले, तिनं गाठी मारल्या. उन्हात आणखी तुटले, आणखी गाठी मारल्या. लुगडं झालं. न जाणत्या माणसाला त्यात काही खोट दिसली नसती.

हळदीच्या दिवशी अंजनी शालनला लुगडं नेसवत होती. बायका भोवती दाटल्या होत्या, तम्मण्णा दारात उभा होता.

"आत्ती, अत्तीमराला बांधलावतास न्हवं ताना?" शालननं विचारलं. बायका कौतुकानं ऐकत होत्या. व्हय म्हणायला काहीच लागत नव्हतं.

"न्हाय गं. रस्त्यावर. मेखंला."

 तम्मण्णा दारातून बाजूला झाला. निऱ्या घालताना अंजनीच्या बोटाला एक गाठ लागली. तिनं ती आतल्या घडीत घेतली आणि निऱ्या खोचल्या.