रविवारची फुंक

समजा, तुमच्या हातात श्वासाचा जोर मोजायची एक नळी दिली आहे आणि गल्लीतल्या नव्वद घरांत जाऊन माणसांना तिच्यात जीव खाऊन फुंकायला लावायचं आहे. कुणी दार लावून घेईल, कुणी म्हणेल, "फुंकून काय फुगा फुगणार आहे?" टेलरकाकूंनी हे काम केलं, तेही दोन महिने दर रविवारी शिलाई मशीन झाकून ठेवून.

गल्लीतली बहुतेक माणसं सूतगिरणीत कामाला. काकूंनी मात्र गिरणीत कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. गल्लीला छातीचा दवाखाना हवा की नको, हे ठरवायला विद्यापीठाची माणसं पाहणी करत होती आणि काकू त्यांच्या 'भागीदार' होत्या.

"काकू, तुम्हीच सांगा, लोक कधी सापडतील?" पाहणीच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी सुरुवातीलाच विचारलं होतं.

आजवर काकूंना असं कुणी काही विचारलंच नव्हतं. त्या हरखून म्हणाल्या, "रविवारी. गिरणी बंद, सगळे घरी."

अहवाल आला. रहिवाशांचा श्वास समाधानकारक, दवाखान्याची गरज नाही. शेवटच्या पानावर काकूंचे आभार.

त्या सोमवारी संध्याकाळी धाकटी जाऊ गिरणीतून आली आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच बसली. काकूंनी तिथेच तिला अहवाल वाचून दाखवला.

"बरोबरच आहे की," जाऊ धापा टाकत म्हणाली. "रविवारी मी ठणठणीत असते. सुट्टीनंतर पुन्हा कापसात शिरलं, की छाती आवळते. गिरणीतलं शेंबडं पोरही सांगेल, ताई."

"मग तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?"

"शिवण तुमच्याकडे. तुम्ही विचारलंत का? मला वाटलं, एवढी शिकलेली माणसं, त्यांना ठाऊक असणार."

काकूंनी फोन लावला. जावेचं म्हणणं डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे आधी सांगायला हवं होतं, काकू. आता प्रकल्प संपला."

मशीनच्या खणात एक कोरा फॉर्म उरला होता. काकूंनी तो बोट ठेवून पुन्हा वाचला. विडी ओढता का, चूल कसली, उशाला उशा किती. चाळीस प्रश्न. रविवार आपण सुचवला, ते पाप आपल्या माथी, हे त्यांना कबूल होतं. पण दम कोणत्या वारी लागतो, एवढा एक प्रश्न त्या चाळीसांत का नव्हता?