कांतीभाईंचा ऑफ

माझी फजिती ऐकायचीय ना? सांगतो. पण कुठे हसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं असतील. मी अमळनेरकडून सुरतेला लूमवर कामाला आलेलो. बायको गावाकडे, आणि डिंडोलीतल्या एका खोलीत मी आणि आमच्या धुळ्याकडचे भिका आबा. खोलीजवळच्या वळणावर कांतीभाईंचं दुकान होतं. पाटीवर चहा आणि कॉफी दोन्ही लिहिलेलं, पण कॉफी मागितली की कांतीभाई म्हणायचे, आवती काले. म्हणजे उद्या. तो उद्या मी कधी पाहिला नाही. चहा मात्र पुदिना घातलेला, असा की रकाबी तोंडाला लावली की कानातला लूमचा खडखडाट थांबायचा.

मला गुजरातीचा गंध नव्हता. चहा ओतता ओतता त्यांनीच एकेक शब्द शिकवला. मला टायफॉईड झाला तेव्हा गावी पाठवायला तेच मला रिक्षात घालून स्टेशनवर घेऊन गेले, भांडून खिडकीजवळ जागा मिळवून दिली आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर उभे राहिले. सुरतेत माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं.

दोन महिन्यांनी बरा होऊन परत आलो तो खोलीवर न जाता, पिशवी घेऊन थेट दुकानात. पाहतो तर स्टोव्हपाशी त्यांच्या पत्नी, जशुबेन. एरवी त्या दुपारी तासभर यायच्या. विचारलं, कांतीभाई कुठे?

त्या पातेल्यात बघतच म्हणाल्या, "ए तो ऑफ थई गया, भाई."

आता तुम्हीच सांगा, लूमवरच्या माणसाला ऑफ म्हणजे काय कळणार? आठवड्याची सुट्टी. मला आनंदच झाला. हा माणूस दिवाळीलासुद्धा दुकान बंद ठेवत नसे. मी म्हटलं, बरं झालं, कधीतरी व्हायलाच पाहिजे होतं. आणि लूमवर काम करणाऱ्याला हळू बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. अख्ख्या दुकानानं ऐकलं. बाकावरची चार माणसं आपापल्या रकाबीत बघू लागली.

मग मी विचारलं, गेले कुठे? बाकावरचे एक म्हातारे हळूच म्हणाले, धाममां गया. झालं. माझ्या डोक्यात यात्रा सुरू. मी चक्क जशुबेनवर रागावलो की असं कसं, एकटेच गेले? तुम्हाला बरोबर न्यायला नको होतं?

त्या ओतत होत्या तो चहा रकाबीबाहेर सांडला. "मने न लई गया," त्या म्हणाल्या. मला नाही नेलं.

मी हसलो. परत कधी येणार ते विचारलं. जशुबेन पातेलं घासायला लागल्या, आणि चहा संपवून मी खुशीत निघालो. त्यांच्या कपाळावर टिकली नव्हती, हे मला दिसलं नाही. डोळे गावाला ठेवून आलो होतो की काय, कुणास ठाऊक.

खोलीवर भिका आबा भाकरी थापत होते. कांतीभाई यात्रेला गेल्याचं त्यांना सांगितलं, तर त्यांचा हात थांबला.

"आरे, तो मरी गया ना. वीस दिन व्हयनात."

सकाळी दुकान उघडता उघडता कांतीभाईंच्या छातीत कळ आली आणि तिथेच पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत. ऑफ होणं म्हणजे गुजरातीत काय, धाममध्ये जाणं म्हणजे काय, हेही आबांनी समजावलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माफी मागायला गेलो. वाटेत गुजरातीत चार वाक्यं जुळवली होती. दुकानाची पायरी दिसली आणि चारही विसरलो. बाकावर बसून जो रडायला लागलो, तो मला आवरेना. शेवटी जशुबेननीच पाणी आणून दिलं. एक नवीन गिऱ्हाईक आलं, त्यानं मलाच घरचा समजून माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी मान हलवली. काय करणार?

जशुबेन म्हणाल्या, "येतो तो विचारतो, कसे गेले. काल तुम्ही बोलत होता, तेव्हा घडीभर मलाही वाटलं, फिरायलाच गेलेत."

त्यांनी रकाबी पुढे केली. चहा घेतला. कामाची वेळ झाली होती, म्हणून उठलो. आणि घरधनी घरात नसला की आपल्या तोंडून जे आपोआप निघतं, तेच निघालं,

"कांतीभाई आले की सांगा, मी येऊन गेलो."

जीभ चावली, पण उपयोग काय? जशुबेननी माझी रकाबी उचलली. मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, "कहीश."

सांगते.