आतोबांची बिनटोकाची माशी

मासा लागू नये म्हणून इतकी मेहनत घेतलेला माणूस उभ्या सोलापुरात आमच्या आतोबांशिवाय दुसरा झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. गिरणीत कारकून, गळ्यात तुळशीची माळ, आणि चातुर्मासात घरात कांदासुद्धा बंद. मी तेव्हा शाळेत मास्तर म्हणून नुकताच चिकटलो होतो आणि त्यांच्याकडेच राहत होतो. त्यामुळे या सगळ्या प्रकाराचा मी साक्षीदार आहे, आणि खरं सांगायचं तर थोडाफार गुन्हेगारही.

गिरणीतल्या गोऱ्या साहेबाला रविवारी एकरुखच्या तलावावर जाऊन मासे धरायचा नाद होता. एकदा कसल्याशा कागदावर त्याची तातडीने सही हवी म्हणून आतोबांना तिकडे धाडलं. साहेब गुडघाभर पाण्यात उभा होता. हातातली लांब, लवलवती काठी मागेपुढे हलत होती, दोरी हवेत मोठमोठी वळणं घेत होती आणि तिच्या टोकाची पिसांची खोटी माशी पाण्यावर अशी अलगद उतरत होती की खऱ्या माशीने ओळख विचारावी. तेवढ्यात एक मासा वर आला आणि त्याने तोंड उघडलं. आतोबा सही घ्यायचं विसरून तसेच परत आले. हेडक्लार्क काय बोलला ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. साहेबाचा हात मात्र जेवताना चार वेळा करून दाखवला, आणि चौथ्या वेळी तो आमटीच्या वाटीत गेला.

“गांडूळ न्हाय, कणीक न्हाय, कुणाचा जीव न्हाय,” ते मला म्हणाले. “निस्तं पीस. मासा आपल्या खुशीनं वर येतो, मास्तर.”

आता माळकऱ्याने मासा धरायचा कसा? तर धरायचाच नाही. आतोबांनी माशीत दडवलेल्या गळाचं टोक कानशीने घासून घासून पार बोथट करून टाकलं. माशाने वर यावं, माशी तोंडात घ्यावी, फसगत कळली की थुंकावी आणि आपल्या घरी जावं. त्याने तोंड उघडलं की आतोबांचं समाधान. शिवाय हे एकट्याने करायचं नव्हतं. साहेबाची मडम विलायतेत, म्हणून तो बिचारा एकटा जातो, आपलं तसं नाही, असं म्हणून त्यांनी आत्या, आपल्या दोन्ही मुली आणि मी अशा सगळ्यांना या विद्येत ओढलं.

साहेबाचं सामान विलायतेहून आलेलं, आमचं घरातूनच निघालं. काठी वेळूची, दोरी ओवायच्या कड्या गिरणीतल्या टाकाऊ तारेच्या, दोरी गुंडाळायला फुटकं बाबीन. शेजारच्या तेलुगू विणकराच्या म्हातारीने उरलेलं रेशीम पिळून दोरी करून दिली आणि आतोबांनी तिला मेण चोळलं. अडलं ते पिसावर. म्हातारीकडे एक तांबडाभडक कोंबडा होता, पण उपटलेलं पीस माळकऱ्याला चालणार कसं? ते आपोआप गळायला हवं. मग आतोबा गिरणीतून आले की टोपीसुद्धा न काढता म्हातारीच्या अंगणात उकिडवे बसत आणि कोंबड्याकडे बघत राहत. कोंबडा आधी बावरला, मग चिडला, आणि शेवटी आतोबा दिसले की भिंतीवर चढून बसू लागला. म्हातारी तेलुगूत काहीतरी म्हणायची. ते कोंबड्याला होतं की आतोबांना, हे विचारायची आमची छाती झाली नाही.

सराव घरामागच्या मोकळ्या मैदानावर चाले. आतोबांची काठी मागे जाई ती थाटात, पण पुढे येताना दोरी कुठे असेल याचा नेम नसे. ती शेजारच्यांच्या वाळवणात पडली, आत्याच्या अंबाड्याला गुंडाळली आणि एकदा बाजाराला निघालेल्या एका शेळीच्या शिंगात जाऊन अडकली. शेळी थांबेना. दोरी तोडायला आतोबांचा जीव धजेना. बाबीन गरागरा फिरत होतं आणि आतोबा काठी उंच धरून ‘अहो पाव्हणं, जरा दमानं’ असं मालकाला विनवत मंगळवार पेठेपर्यंत तिच्या मागून गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्या गिरणीत झालं की कारकुनाने शेळी पकडली.

आत्या हे सगळं हसून सोसत होती. पण एक दिवस हिरव्या माशीसाठी रेशीम हवं म्हणून आतोबांनी तिच्या ठेवणीतल्या इरकली लुगड्याचे काठ उसवले. माहेरचं लुगडं ते, माझ्या आजोबांनी दिलेलं. आत्या ओरडली नाही, हे फार वाईट लक्षण होतं. तिने चुलीपुढे बसून शांतपणे सांगितलं, “दसऱ्यापत्तुर एक तरी मासा वर आला पायजे. न्हाय आला तर ही काठी हितं चुलीत जाईल.” आतोबांनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

आणि मग उलटंच घडलं. एका संध्याकाळी आतोबांची फजिती बघून बघून वैतागलेल्या आत्याने काठी त्यांच्या हातातून घेतली. लहानपणी शेतातल्या माळ्यावर उभी राहून तिने ज्वारीची पाखरं गोफणीने राखली होती. कधी थांबायचं आणि कधी सोडायचं, हे त्या मनगटाला ठाऊक होतं. दोरी मागे गेली, क्षणभर थांबली आणि माशी मैदानाच्या पार टोकाला ठेवलेल्या घागरीत जाऊन पडली. आतोबा बघतच राहिले. दुसरा कुणी नवरा असता तर रुसून बसला असता. यांनी दुसऱ्या दिवसापासून बायकोची शिकवणी लावली. “दोरीला मागं जाऊ तर द्या की,” असं ती सांगायची आणि ते पाटीवर अक्षर गिरवावं तसा हात गिरवायचे.

रविवारमागून रविवार आम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून तलावावर गेलो. मासे आजूबाजूला खुशाल उड्या मारत, पण आमच्या माशीजवळ एक फिरकेना. दसरा उद्यावर आला तेव्हा आतोबांनी सकाळपासून दुपारपर्यंत माशी टाकली. मग काठी आत्याच्या हातात दिली. “तूच टाक शेवटची,” एवढंच म्हणाले आणि घामाने भरलेला चष्मा काढून धोतराने पुसू लागले.

आत्याने टाकली. तितकी सुंदर माशी साहेबानेही कधी टाकली नसेल. मी डोळे ताणून बघत होतो. काहीही हललं नाही.

“आला,” आत्या म्हणाली. “वर आला हुता. एवढा मोठा.”

आतोबांनी घाईने चष्मा चढवला, पाण्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. “खरं?”

जन्मात खोटं न बोललेल्या माझ्या आत्याने आपल्याही गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. “व्हय. मास्तरनं बी बघितला.”

मी मान हलवली. माझा गुन्हा तो एवढाच. काठी चुलीत गेली नाही. दसऱ्याला आत्याने तिला हळदकुंकू लावलं आणि आतोबांनी गिरणीभर पेढे वाटले.

पुढे बऱ्याच वर्षांनी, आतोबा थकून अंथरुणाला लागले होते तेव्हा, कोपऱ्यातल्या काठीकडे बघत ते मला म्हणाले, “मासा वर आला तर पाण्यावर चक्र उठतं, मास्तर. मी चष्मा लावला तवा पाणी आरशावानी हुतं. पर तिनं माशी इतकी झ्याक टाकली हुती की माशावानी तोंड उघडून ती न घेणं मला बरं वाटलं न्हाय.” मग म्हणाले, “तिला सांगू नका.”

ते गेले त्या वर्षी दसऱ्याला मी आत्याकडे गेलो होतो. काठीला हळदकुंकू लावून झालं, आणि आत्या पदर डोळ्यांना लावत हसली. “मास्तर, तुला तर ठावंच हाय. मासा बिसा काय न्हवता. मी लबाडी केली त्या दिशी. ह्यास्नी शेवटपत्तुर कळलं न्हाय बग.”

मला त्या दोघांची इतकी आठवण कधी आली नव्हती, आणि त्यातली एक तर समोरच बसली होती.

“न्हाय कळलं, आत्या,” मी म्हणालो.