सुकाणूचा तडा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला नाही — आणि देव तर आमच्या घरात वर्षभर रांगेने बसलेले असतात. पेणला आमचा गणपतींचा कारखाना. मी त्यातला वाया गेलेला मुलगा. मला समुद्राचं वेड.

एक जुनी शिडाची होडी घेतली, धरमतरच्या खाडीत आणून लावली आणि ठरवलं, जगाला वळसा घालायचा. खिशात काय होतं? खडखडाट. म्हणून पैसे भरून येणारे खलाशी घ्यायचे — त्यांनी खर्चाला हातभार लावायचा, पहारा करायचा, वर भांडीही घासायची. हसू नका, येतात लोक. रोह्याचे भास्करराव आले. कंपनीत फिटर होते, नुकतेच रिटायर झालेले. पोहता येत नव्हतं, पण हौस दांडगी.

एकदा ते बायकोला होडी दाखवायला आणणार होते. आदल्या दिवशी सुकाणूच्या फळीवर मला तडा दिसला. बारीक नव्हता. नवं सुकाणू करायचं तर निघायचा मोसम हातचा जाणार, आणि सगळे पैसे परत मागणार — ते तर मी शिडांवर उडवून बसलो होतो. मग मी काय केलं असेल?

लहानपणापासून करत आलो तेच. तड्यात लांबी, म्हणजे रंगारी भेगा बुजवायला वापरतात ती पुट्टी, भरली, पॉलिश पेपरने घासली, वरून रंगाचे दोन हात दिले. कारखान्यात मूर्तीला चीर गेली की असंच करतात. जोड दिसता कामा नये. काम इतकं सफाईदार झालं, की — सांगायला लाज वाटते — मी मागे सरकून ते कौतुकाने पाहिलं. मूर्तीला विसर्जनापर्यंतच टिकायचं असतं. मला महासागर ओलांडायचा होता. हे मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी विचारलं, “भावजी, होडी चांगली हाय ना? यांना पोवायला येत नाय.”

“व्हय वहिनी, एकदम ठणठणीत हाय.”

ठरल्या मोसमात निघालो. मालदीव मागे पडलं होतं. भर दुपारी वारा चढला आणि सुकाणू तुटलं. होडी आडवी होऊन लाटांचा मार खाऊ लागली. फळ्यांचं कामचलाऊ सुकाणू बांधायला भास्करराव मागे वाकले, कमरेला दोर लावून. त्यांना मी अडवलं नाही. लाट आली, आणि त्यांचा उजवा हात फळी आणि होडी यांच्यामध्ये चेचला गेला. तीन बोटं गेली.

त्यांना खाली नेलं. पैसे भरून आलेले बाकीचे खलाशी त्यांच्यापाशी बसले. तुटक्या सुकाणूचा वरचा तुकडा अजून होडीला लटकत होता. तो ठेवा, कशाने तुटलं ते रोह्याला कंपनीतल्यांना दाखवू, असं ते कण्हत कण्हत म्हणाले होते. मी तो वर ओढला. मोडलेल्या जागी माझी लांबी दिसत होती — पांढरीफटक. मी इकडेतिकडे पाहिलं आणि तो तुकडा पाण्यात सोडून दिला. मग खाली जाऊन सांगितलं, तरंगता ओंडका धडकला असावा.

एका मासेमारी जहाजाने आम्हाला ओढत बंदराला नेलं. प्रवास तिथेच संपला. सगळ्यांना जिवंत परत आणलं म्हणून पेणला माझा सत्कार झाला. शाल, नारळ, सगळं. भास्करराव माइकवर म्हणाले, याच्यामुळे जिवंत परत आलो. वहिनींनी मला ओवाळलं. तेव्हा सांगता आलं नसतं? आलं असतं. मी तबकात ओवाळणी टाकली.

यंदा होडीला नवं सुकाणू बसवलं आहे. ते खरंच मजबूत आहे, पण त्याने काय फरक पडतो? गेल्या महिन्यात पैसे भरून येऊ म्हणणारे काहीजण खाडीवर आले. घाबरत होते. भास्करराव मुद्दाम रोह्याहून आले आणि आपला तो उजवा हात त्यांच्यापुढे धरून म्हणाले, “माझं एवढं झालं, तरी मी याच्याबरोबर परत जाईन. बिनधास्त जावा.”

त्या हाताकडे बघून त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी शेजारीच उभा होतो. मी ठेवू दिला.