बाहीतलं व्याकरण

दिग्रसमध्ये यंदा मार्चभर एक बातमी फिरत होती. कापसाच्या जिनिंगमागच्या शमसुन्निसानं म्हणे दहावीच्या मराठीच्या पेपरात मॅडमची बाही फाडली. व्याकरणाचा प्रश्न अडला, डोकं फिरलं, अन् धरली बाही. चहाच्या टपरीवर पोचेपर्यंत एका बाहीच्या दोन झाल्या. कापडाच्या दुकानात पोलीस आले. आणि हीच बातमी पुसदच्या बसमध्ये चढून पुसदला उतरली तेव्हा बाईच्या हातात चक्क कैची होती.

खरं त्यात एवढंच, की दोन बाह्या निघाल्या. पण त्या मॅडमच्या नव्हत्या, शमसुन्निसाच्या स्वतःच्या अंगावरच्या होत्या. आणि त्या फाडलेल्या नव्हत्या, उसवलेल्या होत्या. खून केला म्हटलं तर ती एक वेळ ऐकून घेईल. कापड फाडलं म्हटलेलं तिला चालत नाही.

शमसुन्निसा त्रेचाळीस वर्षांची. घराच्या पुढच्या खोलीत दोन शिलाई मशिनी, भिंतीला तयार ब्लाउजांची रांग, आणि दारात तिचा नवरा मोहिउद्दीन कुणाची तरी पाण्याची मोटर उघडून बसलेला. बायका तिला भाभी म्हणतात, गल्लीतली पोरं खाला. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पण हात असा, की बाई दारातून आत येईपर्यंत तिचं माप हिच्या डोळ्यांनी घेऊन झालेलं असतं.

गावातल्या महिला मंडळाच्या शिवणवर्गात ती सहा वर्षं शिकवत होती. कागदावर मात्र ‘मदतनीस’. शिकवायची ही, सही करायच्या दुसऱ्याच एक बाई. त्या बाई लेकाकडं राहायला जायच्या झाल्या, तेव्हा मंडळाच्या अध्यक्ष विमलताईंनी सरळ सांगितलं, की जूनपर्यंत दहावीचा कागद आण, खुर्ची तुझी. नाही आणला तर बाहेरून कुणी पाहावं लागेल, मग माझा इलाज नाही.

बाकीचे विषय बाहेरून परीक्षा देऊन निघाले होते. मराठी अडलं होतं. एकदा एकतीस, एकदा तेहेतीस. पस्तीसला पास. दोन गुणांसाठी माणूस किती वेळा कपाळ बडवून घेऊ शकतो, ते मोहिउद्दीनला विचारा.

गुण कुठं जात होते ते तिला ठाऊक होतं. निबंधात ती लिहायची, ‘मी बाजारात गेलती, तिथं मले एक कापड पसंत आलं.’ तपासणाऱ्यानं ‘गेलती’ला गोल केला, ‘मले’ला गोल केला. शमसुन्निसाला वाटायचं, अख्खं दिग्रस असंच बोलून राह्यलं, अन् गोल फक्त माझ्याच वाक्याले काहून?

रविवारी सकाळी धनसिंग सर शाळेच्या व्हरांड्यात फुकट वर्ग घ्यायचे. रिटायर झालेले, उंच, आणि प्रत्येक वाक्याला शेवटी ‘बरोबर की नाही?’ची गाठ मारणारे. सर तांड्यावरचे. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी. त्यांनी सांगितलं, की आपा, तुमची बोली चुकीची नाही, पेपरातली भाषा वेगळी आहे एवढंच, मी दारात चप्पल बदलतो तशी भाषा बदलतो, बरोबर की नाही?

‘चप्पल नाही सर,’ ती म्हणाली. ‘कपडा. घरातला वेगळा, लग्नातला वेगळा.’

तिथून तिला वाट सापडली. वाक्य म्हणजे कपडा. मग ते बेतता आलं पाहिजे. उद्देश्य म्हणजे वरचं अंग, विधेय म्हणजे खालचा घेर. शब्दाला लागलेला प्रत्यय म्हणजे हुक, हुक नसला तर दोन तुकडे एकमेकांना धरत नाहीत. आणि क्रियापद म्हणजे शेवटची तुरपाई, ती घातल्याशिवाय कपडा अंगावर चढवायचा नाही. सरांनी हे ऐकलं आणि ‘बरोबर की नाही’ म्हणायचंच विसरले.

लिहायला वही घ्यावी तर वही मशिनीवर टिकत नाही. म्हणून ती हाताशी असलेल्या निळ्या चपट्या खडूनं अस्तराच्या तुकड्यांवर लिहायची. करतो, करते, करतात. केला, केली, केले. करेन, करशील, करतील. पाय मशिनीवर, डोळे अस्तरावर. पाठ झालं की तुकडा बाजूला, दुसरा तुकडा.

शेजारच्या घरातली निकिता, म्हणजे हे लिहिणारीच, तीही यंदा दहावीला होती. निकिताला एक खोड आहे. कुणाचंही बोलणं एकदा कानावर पडलं की ते तिच्या तोंडून बाहेर येतं, अगदी खोकल्यासकट. तिनं खालाला वाक्याचे भाग नकला करून शिकवले. कर्ता म्हणजे गावचा पुढारी, ‘मी केलं, मीच केलं, लिहून घ्या.’ कर्म म्हणजे नाकात रडणारा त्याचा भाचा, ‘मलेच काहून धरता सगळे?’ आणि क्रियापद म्हणजे बसचा कंडक्टर, सगळ्यांच्या मागून येऊन दार आपटणारा, ‘चला, वाक्य भरलं, आता कोणी चढू नका.’ खाला हसता हसता दोऱ्याचं रीळ सोडून द्यायची. मोहिउद्दीन दारातून म्हणायचा, की हे शिक्षण चालू आहे की तमाशा.

रमजान लागला तसे ईदचे कपडे येऊन पडले, आणि त्याच दिवसांत पेपर आला. आदल्या दुपारी शमसुन्निसाच्या लक्षात आलं, की गावाच्या कपड्यांत आपल्याला अंगावर घालायला धड काही उरलेलं नाही. तिनं एक पातळ कापड काढलं, ढिगातले वरचे अस्तराचे तुकडे उचलले आणि दोन तासांत कमीज उभं केलं. नवं, कोरं, पाणी न दाखवलेलं. शिंपिणीनं स्वतःचा कपडा नेहमी घाईतच शिवलेला असतो. अस्तराची कोणती बाजू आत गेली हे तिनं पाहिलं नाही.

पेपराच्या दिवशी दाराशी झडती झाली. पिशवी पाहिली, ओढणी झटकली, खिसे पाहिले. अकराला पेपर सुरू झाला. पंखा होता, पण तो फिरण्यापेक्षा बोलत जास्त होता. रोजा, ऊन, बंद खोली. चाळीस मिनिटं लिहून झाल्यावर घामानं चिकटलेली उजवी बाही तिनं कोपरापर्यंत वर सारली, आणि हातभर निळी अक्षरं दिसली.

उलटी अक्षरं. आरशात दिसतात तशी. अस्तरावरचा खडू घामानं तिच्या हातावर उतरला होता. आणि वर सारलेल्या बाहीच्या आत तीच अक्षरं सुलटी, स्वच्छ: केला, केली, केले.

कॉपीत नाव गेलं की निकाल जातो, पुढच्या परीक्षेलाही बसू देत नाहीत, आणि दिग्रससारख्या गावात तोंडही दाखवता येत नाही. बाही खाली ओढली तरी उरलेले सव्वादोन तास हात झाकून लिहायचं. ओढणीनं पुसलं तर निळी ओढणी. आणि कुणी पाहिलंच तर पुसत होती म्हणतील. तिनं मनातल्या मनात दोन्ही गोष्टी करून पाहिल्या. दोन्हींत ती चोर दिसत होती.

मग ती उभी राहिली.

पर्यवेक्षणाला वर्षा मॅडम होत्या, तरुण, बहुधा पहिलीच ड्यूटी. त्यांनी बसा, बसा असं खुणावलं. शमसुन्निसा बसली नाही.

‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘माझ्या बाहीत व्याकरण आहे.’

मागच्या बाकांवर फिस्स झालं. वर्षा मॅडमना आधी कळेना. कळलं तेव्हा त्यांचाच चेहरा पकडल्यासारखा झाला. त्यांनी दुसऱ्या मॅडमना वर्गावर बोलावलं, केंद्रसंचालकांना निरोप दिला आणि हिला उत्तरपत्रिकेसकट शेजारच्या खोलीत नेलं. दार लावून घेतलं. शमसुन्निसानं कैची मागितली, ती नव्हती. मग तिनं ओढणीची पिन काढली आणि खांद्यापाशी टाका शोधून खेचला. चार मिनिटांत दोन्ही बाह्या सुट्या. डावीत काय आहे ते तिलाही माहीत नव्हतं, पण एक काढली अन् एक ठेवली तर परत प्रश्न. वर्षा मॅडमनी आपला मोठा स्टोल काढून तिच्या खांद्यांवरून पांघरला आणि टेबलावरच्या जगमधलं पाणी तिच्या हातावर ओतलं. निळं पाणी बादलीत पडत राहिलं.

केंद्रसंचालक आले. वयस्कर, चष्मा नाकावर, आवाज पोत्यातून आल्यासारखा. त्यांनी उजवी बाही उलटी करून वाचली. मग डावी उजेडाकडं धरली आणि तीही वाचली, मोठ्यानं, जबाब वाचावा तशी: ‘सुखीबाई. छाती अडतीस. गळा मागून खोल.’

‘ती कॉपी नाही सर,’ शमसुन्निसा म्हणाली. ‘ते ब्लाउज आहे.’

वर्षा मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, की चाळीस मिनिटं तुम्ही ही बाही घालून लिहीत होता, तेवढ्यात यातलं काही पाहिलं नाही हे मी कशावरून मानायचं?

एवढा वेळ टिकवलेला धीर तिथं संपला. खुर्ची गेली, असं तिला स्पष्ट दिसलं. विमलताईंचा चेहरा दिसला, आणि सहा वर्षं शिकवलेल्या पोरींसमोर दुसरंच कुणी उभं राहिलेलं दिसलं.

वर्षा मॅडमनी उत्तरपत्रिका उघडून साहेबांपुढं ठेवली. पहिल्या पानापासून निबंध. त्यामागं पत्र, तेही अर्धंच. व्याकरणाच्या प्रश्नांना तिनं हातच लावलेला नव्हता, आणि बाहीतला एक शब्दही अजून कुठं उपयोगी पडलेला नव्हता.

‘शेवटून का सुरुवात केली?’ साहेबांनी विचारलं.

आता तिच्या भाषेचा लग्नातला कपडा सुटला. ‘मोठे तुकडे पहिले बेता लागते ना सर. अंग, घेर. पट्ट्या-बिट्ट्या मागून. बारक्यापासून कापत बसलं तं मोठ्याले कापड पुरत नाही. मी सारं असंच करतो.’

साहेब उत्तरपत्रिकेकडं पाहत राहिले, मग टेबलावरच्या बाह्यांकडं. मग त्यांनी कागद घेतला, वेळ घातली, ‘परीक्षार्थीने स्वतःहून सांगितले’ असं लिहिलं, दोन्ही बाह्या पाकिटात घालून लाखेचा शिक्का मारला. पेपर पुढं लिहा म्हणाले. निर्णय वर होईल, माझं मत मी लिहिलंय. वाढीव वेळ मिळणार नाही.

अर्धा तास गेला होता. ती स्टोल गुंडाळून बसली, पत्र पुरं केलं, बाकीचं केलं आणि शेवटी व्याकरण काढलं. पहिलंच वाक्य वाचलं तसा पुढारी बोलायला लागला. मग भाचा रडला. मग कंडक्टरनं दार आपटलं. घशाला कोरड पडलेली, अंगात बाह्या नाहीत, आणि शमसुन्निसा एकटीच गालात हसत तेरा मिनिटांत सगळं व्याकरण लिहून मोकळी झाली.

पण निकाल यायला मे उजाडायचा होता. ईद झाली, बातमी गावभर झाली. विमलताई एकदा वर्गावर आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, की त्या बाहीचं काय झालं ते कळव. निकाल ‘राखीव’ आला तर काय, हे त्यांनी विचारलं नाही, हिनंही सांगितलं नाही. त्या दोन महिन्यांत शमसुन्निसानं तीन ब्लाउजांना उलट्या बाह्या जोडल्या. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

निकितानं तिला हसवायला म्हणून पैज लावली. तिचं म्हणणं, अर्धा तास गेला, तेव्हा खाला पास होईल, पण पन्नासच्या वर जाणार नाही. खालानं मशीन थांबवली.

‘गेली तं?’

‘म्हणाल ते करते.’

‘एक दिवस दुकानात बसून हुक लावायचे. अन् दिवसभर कोणाची नक्कल नाही. एकाचीही नाही.’

निकाल लागला त्या दुपारी स्वतःचा निकाल पाहून झाल्यावर निकितानं मोबाइलवर खालाचा बैठक क्रमांक टाकला. स्क्रीनवरचं चाक फिरत राहिलं. मोहिउद्दीननं मोटर बंद केली आणि हातातला पाना तसाच धरून आत आला. निकितानं वाचलं. मराठी, एकसष्ट. उत्तीर्ण. ‘राखीव’ कुठंच नव्हतं.

‘परत वाच,’ खाला म्हणाली. निकितानं परत वाचलं. मग मोहिउद्दीननं वाचायला लावलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर शमसुन्निसा मशिनीवर डोकं टेकून बसली, आणि बराच वेळ नुसती श्वास सोडत राहिली, उन्हातून ओझं आणून ओट्यावर टाकल्यावर सोडतात तसा. उठली ती सरळ विमलताईंकडं गेली. चप्पल घातली होती की नाही, हे तिला अजून आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला निकिता दुकानात हुक लावायला बसली. अकराच्या सुमाराला फुलसावंगीहून एक आत्याबाई आल्या. दात पडलेले, ‘स’चा ‘श’ होणारा, आणि तीन लग्नांचे ब्लाउज. त्या अर्धा तास भाव करत बोलत राहिल्या. खाला निकिताकडं पाहत होती. निकितानं ओठ गच्च दाबले, मान खाली घातली आणि एकामागून एक सत्तावीस हुक लावले.